कॅम्पर ट्रेलरची भिंत आतून सुटली आहे: पॉलिस्टर, इपॉक्सी की पीयू?

चाकावरचं बिऱ्हाड

मंडळी, गाडीमागे ओढायचा एक जुना कॅम्पर ट्रेलर हाती आलाय. दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढा. चासी, धुरा, ब्रेक, टायर सगळं ठणठणीत आहे. दुखणं आहे ते वरच्या पेटीचं.

पुढच्या भिंतीवर खिडकीखाली तळहात दाबला की बाहेरचं आवरण आत जातं, हात काढला की परत फुगतं. नाण्याने ठोकत गेलो. दीड फूट रुंद, दोन फूट उंच एवढ्या भागात बद्द आवाज येतो, बाकी भिंत टणक. आतली एक पट्टी काढून थर पाहिले ते असे: बाहेर पांढऱ्या जेलकोटचं (वरचा रंगीत, चकचकीत रेझिनचा थर) फायबर, जेमतेम २ मिमी. त्यामागे पातळ प्लाय, काळं पडलेलं, बोटाने चुरा होतो. मग इंचभर पांढरा फोम. मग आतलं प्लाय आणि त्यावर चिकटवलेला कागद. पाणी वरच्या कोपऱ्यातून, ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या स्क्रूंमधून उतरलं असणार. त्या पट्टीवर आधीच्या मालकाने सिलिकॉनवर सिलिकॉन चढवलंय आणि तरी ओल आहेच.

बाकीची किरकोळ कामं: एका फायबर मडगार्डला आरपार भेग, छतावरच्या झरोक्याच्या प्लॅस्टिक झाकणाला तडा, आणि पुढच्या ॲक्रिलिक खिडकीच्या कडेचं सील वाळून सुटलंय.

माझ्याकडे पॉलिस्टर रेझिनचा अर्धा डबा, हार्डनरची बाटली आणि चॉप्ड स्ट्रँड मॅट पडून आहे. एक जण म्हणतो सगळं पॉलिस्टरने कर. दुसरा म्हणतो इपॉक्सीशिवाय हात लावू नकोस. तिसरा म्हणतो पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेन गोंदाने, चिकटव आणि विसर. यातलं कुठलं कशावर चालतं आणि कुठलं कुणाच्या जिवावर उठतं, तेवढं कळलं तरी पुरे. हाताने काम करायची सवय आहे, त्याची काळजी नको.

फटाफट

डबा घरात आहे तर वापरा की! ट्रेलर कारखान्यात बनला तोच पॉलिस्टरमध्ये. फायबरला फायबर, विषय संपला. भिंतीला चार भोकं पाडायची, सिरिंजने रेझिन आत सोडायचं, बाहेरून फळी दाबून ठेवायची. संध्याकाळपर्यंत कडक.

जुना मोल्डर

फटाफटराव, मडगार्डपुरता तुमचा सल्ला बरोबर आहे. भिंतीत तेच केलं तर संध्याकाळपर्यंत फोम गायब झालेला असेल.

बिऱ्हाडवाले, कुठलाही डबा उघडायच्या आधी त्या फोमचा नखाएवढा तुकडा काढा, पत्र्याच्या झाकणात ठेवा आणि त्यावर ॲसिटोनचे दोन थेंब टाका. तुकडा बसला, चिकट लगदा झाला, तर तो पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्माकोल किंवा त्याचाच दाट भाऊ. जसाच्या तसा राहिला तर बहुतेक पॉलियुरेथेन. पुढचं सगळं यावर ठरणार आहे.

कारण सांगतो. पॉलिस्टर रेझिन पातळ राहतं ते त्यातल्या स्टायरीनमुळे. डब्यात साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरीनच असतं. आणि थर्माकोल म्हणजे स्टायरीनचंच पॉलिमर, हवा भरून फुगवलेलं. द्रव स्टायरीन त्याला विरघळवतं. रेझिन सेट व्हायच्या आधी फोम खाऊन टाकतं आणि मग तुमच्या आवरणामागे एक कडक कवच आणि त्याच्यामागे पोकळी राहते. बाहेरून ठोकलं तर पहिले काही दिवस आवाजही छान येतो. व्हिनाइल एस्टरमध्येही स्टायरीनच, तेव्हा 'भारीतलं रेझिन' म्हणून ते आणू नका. स्प्रेच्या डब्यातला सॉल्व्हंटवाला कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, तोही थर्माकोल खातो.

इपॉक्सीत स्टायरीन नसतं. शंभर टक्के घन असलेलं साधं इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही. पीयू फोम असेल तर दोन्ही चालतील, पण तुमच्या भिंतीत लाकूडही आहे. पॉलिस्टर लाकडाला धरतं ते धरल्यासारखं करतं. ओल आली की कडेपासून सोलून निघतं. इपॉक्सी लाकडाच्या रेषांमध्ये मुरतं आणि चिवट असतं. म्हणून भिंतीसाठी पॉलिस्टर बाद, फोम कुठलाही निघो.

हे इपॉक्सीचं कौतुक म्हणून वाचू नका. मी आयुष्यभर मोल्डच्या दुकानात पॉलिस्टरच मारलंय. स्वस्त आहे, पटकन सेट होतं, आणि मूळ वस्तू पॉलिस्टरची असेल तर दुरुस्तीलाही उत्तम. लोक 'भारी कुठलं' विचारतात. मी विचारतो, हे कशाला टेकणार आहे, आणि याच्या अंगावर नंतर काय बसणार आहे?

दुसऱ्या प्रश्नावर बरीच कामं बिघडतात, म्हणून तेही सांगतो. जुन्या, पूर्ण सेट झालेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी उत्तम धरतं. उलट मात्र भरवशाचं नाही. इपॉक्सीचे हार्डनर अमाइन जातीचे असतात. ते पृष्ठभागावर थोडे जरी मोकळे राहिले तर वरचं पॉलिस्टर नीट सेट होत नाही, चिकट राहतं. आधी इपॉक्सी, मग वर पॉलिस्टर पुट्टी किंवा जेलकोट हा क्रम शक्यतो टाळा. आधी पॉलिस्टर, वर इपॉक्सी, हा बेलाशक.

आणि तुमची ती मॅट. चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले आखूड धागे एकमेकांना धरून असतात ते एका बाईंडरने, आणि तो बाईंडर स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणूनच घातलेला असतो. रेझिन मारलं की मॅट लोळागोळा होऊन कोपऱ्यात बसते ती त्यामुळे. इपॉक्सीत तो बाईंडर विरघळत नाही. मॅट ताठ राहते, पांढरे डाग राहतात, वळणावर उचलली जाते, आणि रेझिन दुप्पट पिते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरा, किंवा धाग्याने शिवलेलं बायॲक्सियल. मॅट मडगार्डला ठेवा.

ॲसिटोनचा निकाल कळवा. झरोक्याच्या झाकणाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेलाही एक थेंब लावून बघा.

चाकावरचं बिऱ्हाड

काका, फोमचा तुकडा थेंब पडताच बसला. खाली पांढरा चिकट गोळा राहिला. झाकणाची कड मऊ पडून बोटाला चिकटली. मागून धागे वगैरे काही दिसत नाहीत, गुळगुळीत आहे.

म्हणजे भिंतीला इपॉक्सी. मग फटाफट म्हणतात तसं भोकं पाडून, पण पॉलिस्टरऐवजी इपॉक्सी सोडलं तर?

जुना मोल्डर

फोम थर्माकोलच. झाकण बहुधा एबीएस, म्हणजे एक कडक प्लॅस्टिक. त्याचं कुणीतरी जाणकार सांगेल, तो माझा प्रांत नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते कधी चालतं? आतला प्लाय शाबूत असेल, कोरडा असेल, आणि फक्त डिंक सुटला असेल तेव्हा. तुमचा प्लाय बोटाने चुरा होतोय. त्या चुऱ्यात इपॉक्सी सोडलं तर चुरा इपॉक्सीला धरेल. पण चुऱ्याला कोण धरणार? शिवाय आत ओल आहे, आणि ओल्या लाकडावर इपॉक्सी मुरत नाही. भिंत उघडावीच लागेल.

उघडायची ती आतून. बाहेरचं आवरण धड आहे ना, भेग नाही? मग त्याला हात लावू नका. बाहेरून कापलं तर कडा तिरक्या घासून जोड द्यावा लागतो. जाडीच्या बारापट तिरकस घ्यायचा, म्हणजे २ मिमीला चोवीस मिमी, चारी बाजूंनी. वर जेलकोट, त्याचा रंग जुळवणं, पॉलिश. आतून कापलं तर वर कागद किंवा पातळ पॅनेल लावलं की झालं.

बद्द आवाजाच्या हद्दीच्या बाहेर दोनेक इंच जाऊन आतलं प्लाय कापा. करवतीचं पातं तेवढ्याच खोलीचं ठेवा, नाहीतर बाहेरचं फायबर चिरेल. आत वायरी आहेत का ते आधी बघा. फोम सपाट पटाशीने काढा. कोरडा आणि अख्खा निघाला तर परत वापरता येतो. मग कुजलेलं बाहेरचं प्लाय खरवडून काढा, जिथपर्यंत टणक, उजळ लाकूड लागत नाही तिथपर्यंत. आणि मग वाळू द्या. इथे घाई करू नका. पंखा लावा, ओल मोजायचं यंत्र मिळालं तर लाकडात १२ टक्क्यांच्या खाली आकडा येऊ द्या. हीट गन नको. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि गनच्या तोंडाशी त्याच्या कित्येक पट उष्णता असते.

आवरणाची मागची बाजू आधी पुसायची, मग ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासायची, मग परत पुसायची. पहिल्यांदा न पुसता घासलं तर वरचं तेल-मेण पेपर स्वतःच आत दाबतो. पुसताना ॲसिटोन फडक्यावर घ्या, भिंतीवर ओतू नका. कडेला थर्माकोल आहे.

मग नवीन ३ मिमी प्लाय. साधं इपॉक्सी ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, लाकडाला पिऊ द्या, आणि मग त्याच इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका (घट्ट करायची बारीक पांढरी पूड) घालून ते घट्ट करा, उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही इतपत. दातेरी पट्टीने पसरा. मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची पूड) घालू नका, ते घासून सपाट करायच्या पुट्टीसाठी. जोडात ताकद देत नाहीत. प्लाय, मग फोम, मग आतलं प्लाय, शक्यतो एकाच दमात. बाहेरून सपाट फळी, आतून सपाट फळी, मध्ये प्लॅस्टिकचा कागद, आणि टेकू. दाब सगळीकडे सारखा हवा, खूप नको. फार आवळलं तर सगळं इपॉक्सी पिळून बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो.

मिसळण्याबद्दल दोन गोष्टी. पॉलिस्टरला हार्डनर एक ते दोन टक्के, हवामान बघून कमी-जास्त करता येतं. इपॉक्सीला तसं अजिबात करायचं नाही. तिथे हार्डनर हा अर्धा संसार आहे, जास्त घातला तर लवकर सेट होत नाही, कायमचा मऊ राहतो. डब्यावर पाचास एक लिहिलंय की दोनास एक, आणि ते मापाने की वजनाने, हे वाचा. दोन्ही आकडे सारखे असतीलच असं नाही. लवकर हवं असेल तर फास्ट हार्डनर आणा, उन्हाळ्यात स्लो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो.

आणि मिसळलं की खोल मगात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. मगात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो, मगसुद्धा वितळतो. भिंतीतही जाड ढीग भरलात तर तीच उष्णता फोमला लागेल. पातळ थर.

रंधा-पटाशी

मोल्डरकाका, बाकी सगळं मान्य, पण भिंत चिकटवायला इपॉक्सीच का? मी सुतार माणूस. फोम आणि प्लाय यांची सँडविच पॅनेल कारखान्यात बरीचशी पीयूच्या गोंदाने प्रेसमध्ये दाबून बनतात. ओलाव्याने सेट होणारा एका डब्यातला पीयू गोंद थर्माकोलला खात नाही, मिसळायची भानगड नाही, आणि लाकडात तर पक्का बसतो. एका बाजूला गोंद पसरायचा, दुसऱ्या बाजूवर पाण्याचा अगदी हलका फवारा, आणि दाबायचं.

एकच जपायचं: हा गोंद फुगतो. दाब ढिला असेल तर आवरणाला आतून ढकलून बाहेर फुगवटा आणतो. आणि फुगून जी पोकळी भरली ती जागा 'भरली' एवढंच, तिथे ताकद नसते. फेस आहे तो. त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकत असतील तरच.

जुना मोल्डर

सुतारभाऊंचं बरोबर आहे. सपाट फोम, सपाट नवीन प्लाय, दाब नीट देता येतोय, तर पीयू गोंद वापरा, कामही स्वच्छ होतं. माझा आग्रह फक्त बाहेरच्या आवरणाच्या जोडाला आहे. तिथे जुन्या फायबरची पाठ खडबडीत, कुठे खरवडलेली, कुठे जुना गोंद राहिलेला. पोकळ्या असणारच. घट्ट केलेलं इपॉक्सी ती पोकळी भरतं आणि भरलेल्या जागीही तितकंच मजबूत असतं. म्हणून आवरण ते प्लाय इपॉक्सी, आणि त्याच्या आतलं सगळं पीयू. दोन्हीचं एकमेकांशी वैर नाही.

गळती थांबवते

मी बसच्या आणि कॅम्परच्या खिडक्या बसवते. तुमचं सगळं बोलणं भिंतीवर चाललंय आणि वरच्या पट्टीवरचं सिलिकॉन अजून जागच्या जागी आहे. दादा, ते सगळ्यात आधी काढा. भिंत घासायला घ्यायच्या कितीतरी आधी.

सिलिकॉनच्या पातळ थरावर काहीच धरत नाही: रंग नाही, जेलकोट नाही, इपॉक्सी नाही, पीयू नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा धड नाही. पॉलिशपेपर फिरवला तर ते निघत नाही, सगळीकडे पसरतं. प्लॅस्टिकच्या पातीने जेवढं सोलून निघेल तेवढं सोला, मग सिलिकॉन काढायचं द्रव लावून फडकी बदलत पुसा. पाणी शिंपडून बघा. पाणी थेंब होऊन पळतंय म्हणजे अजून आहे.

पट्टी काढायचीच. स्क्रू एकेक करून सोडवा. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये धरून बसलेले असतात. पट्टीखाली ब्यूटाइल टेप द्या, जी कधीच कडक होत नाही. स्क्रू आवळल्यावर ती कडेने बाहेर यायला हवी. दुसऱ्या दिवशी परत थोडे आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पातीने कापून काढा. ब्यूटाइलला स्वतःची ताकद नाही, वस्तू धरून ठेवायचं काम स्क्रूचं. बाहेरच्या कडेला हवं तर पीयू सीलंट किंवा एमएस पॉलिमर (तसंच लवचिक सीलंट) याची बारीक रेघ. आतली कुजलेली स्क्रूची भोकं मोकळी करून इपॉक्सीने भरा, सेट झालं की परत छिद्र पाडा. जुन्या मऊ लाकडात स्क्रू फिरत राहिला तर कुठलंही सीलंट वाचवणार नाही.

आता खिडकी. ॲक्रिलिकला ॲसिटोन, थिनर, अल्कोहोल काहीच लावायचं नाही. त्यात बारीक ताण असतात, सॉल्व्हंट लागला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात आणि त्या जात नाहीत. साबणाचं कोमट पाणी पुरे. आणि साधं पीयू सीलंट तिथे नको, पॉलिसल्फाइड तर नकोच. प्लॅस्टिकच्या काचेसाठी म्हणून वेगळं बनवलेलं असेल आणि नळीवर ॲक्रिलिक असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर चौकटीखाली ब्यूटाइल, काचेला तिची रबर पट्टी नवीन.

तिला ताठ चिकटवायचं नाही याचं आणखी एक कारण: ती हलते. एक मीटर ॲक्रिलिक, थंड पहाटेपासून उन्हात तापलेल्या दुपारपर्यंत ५० अंशांचा फरक धरला तर साडेतीन मिमी लांबतं. तेवढंच ॲल्युमिनियम जेमतेम सव्वा मिमी. म्हणजे दोघांमध्ये सव्वादोन मिमीची ओढाताण रोज. इपॉक्सीने जखडलं तर तडा काचेलाच जाईल. जिथे जिथे दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत तिथे लवचिक सीलंट आणि त्याचा थर ३ मिमी तरी जाड. लोक क्लॅम्प लावून सगळं सीलंट पिळून काढतात आणि मग म्हणतात सीलंट वाईट. मध्ये छोटे रबराचे तुकडे ठेवा, थर आपोआप राहतो.

एक बारीक गोष्ट: ताजं पीयू सीलंट गुळगुळीत करायला अल्कोहोल लावू नका, त्याने पीयूचं सेट होणं बिघडतं. त्याच दिवशी शेजारी सिलिकॉनचं काम करू नका. काही सिलिकॉन सेट होताना अल्कोहोल सोडतात, परिणाम तोच.

झाकणाचं: एबीएस असेल तर एबीएसचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा करा आणि तड्याच्या टोकाला आधी बारीक छिद्र पाडून तो आतून भरा. तो जोड वितळून एकजीव होतो. मेथाक्रिलेट ॲडहेसिव्हही एबीएसला छान धरतो, पण त्याचा वास उग्र आणि त्याचं थर्माकोलशी जमत नाही, म्हणून छतावरच लावायला जाऊ नका, झाकण काढून बाहेर घ्या. इपॉक्सी एबीएसवर कडक टिकली होऊन उडतं. खरं सांगू का, जुनं झाकण उन्हाने ठिसूळ झालेलं असेल तर शेजारी दुसरा तडा येणारच. त्याच मापाचं नवीन मिळालं तर बदला.

फटाफट

बरं बाबा, भिंतीचं मी मागे घेतो. पण मडगार्डचा मान माझा! तिथे डबा आणि मॅट चालणार ना?

जुना मोल्डर

चालणार, मान तुमचा. मागे फोम नाही, लाकूड नाही, सगळं पॉलिस्टरवर पॉलिस्टर. भेगेच्या टोकाला छिद्र, आतल्या बाजूने तिरकस घासा, मॅटचे दोन-तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. बाहेरून भेग व्हीसारखी उघडून जेलकोट.

जेलकोट आणि लॅमिनेटिंग रेझिन हवेला उघडे राहिले की वरून चिकट राहतात. ते बिघडलेलं नसतं. पुढचा थर धरावा म्हणून तसं असतं. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घाला किंवा वरून प्लॅस्टिकची फिल्म ताणून लावा. मात्र मेणवाल्या थरावर परत काही मारायचं असेल तर आधी घासून मेण काढा.

हार्डनरबद्दल एक सक्त सूचना. तुमचा डबा आधीच कोबाल्ट (रेझिन लवकर सेट करणारं द्रव) घातलेला आहे की कोबाल्ट वेगळ्या बाटलीत आहे ते बघा. वेगळ्या असेल तर तो रेझिनमध्ये आधी पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच नाही, एकाच चमच्यानेही नाही. स्फोट होऊ शकतो. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा. इपॉक्सीला नायट्राइल हातमोजे, आणि कातडीला लागलंच तर ॲसिटोनने धुऊ नका, ते उलट आत जातं, साबण-पाणी. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जन्माची. आमच्या दुकानातले दोघे त्यापायी हा धंदा सोडून गेले.

चाकावरचं बिऱ्हाड

सगळ्यांचे आभार, आणि ताई, सिलिकॉन सोलायला आजच बसतो. दोन गोष्टी राहिल्या. पुढच्या भिंतीच्या बाहेरून जुन्या नंबरप्लेटच्या स्क्रूची भोकं आहेत, आरपार फोमपर्यंत. ती इपॉक्सीने भरली तर वरून जेलकोट नाही, असंच ना? आणि पॉलिस्टरचा डबा नक्की किती जुना आहे ते मला माहीत नाही.

रंधा-पटाशी

भोकांवर जेलकोट बसतो हो. मी बसवलाय, टिकलाय.

जुना मोल्डर

बसतो, मी कधीच नाही म्हटलं नाही. इपॉक्सी पूर्ण सेट झालेलं हवं, म्हणजे उबदार हवेत आठवडाभर तरी. मग सेट होताना त्यावर आलेला मेणचट थर पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवायचा; तो पाण्यात विरघळतो, ॲसिटोनने नुसता पसरतो. मग ८० नंबरने घासायचं. एवढं सगळं केलं तर जेलकोट धरतो. यातली एक पायरी गाळली की चिकट राहतो, आणि तो खरवडून काढण्यासारखं कंटाळवाणं काम दुसरं नाही. बोटभर भोकासाठी मी हा खटाटोप करणार नाही. भोकाचं तोंड थोडं रुंद करा, घट्ट इपॉक्सीने भरा, धुवा, घासा, आणि दोन डब्यांचा पीयू पेंट लावा. वर काहीतरी लावायलाच हवं, उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडून पिठूळ होतं.

डब्याचं: झाकण उघडून काडी घाला. दोऱ्यासारखं ओघळतंय की जेलीसारखं तुटतंय? जेली असेल तर टाकून द्या, पातळ करून वाचत नाही. ओघळत असेल तर कागदी कपात शंभर ग्रॅम घ्या, दीड ग्रॅम हार्डनर, वेळ लावून बसा. वीस अंशांच्या आसपास अर्ध्या तासात जेल व्हायला हवं आणि दुसऱ्या दिवशी नखाने ओरखडा उठता कामा नये. रबरासारखं राहिलं तर आधी नवीन हार्डनर आणून परत करा. बाटली जुनी झाली की तोही मरतो. कप मोकळ्यावर ठेवा, कागदाच्या ढिगावर नको, चांगलाच तापतो.